व्हीली शिकाले आधी लहान गाडी का डायरेक्ट ३९०?

पांदणवाला · १८ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, राळेगाव तालुक्यातून लिहून राह्यलो. वय २२, आयटीआय फिटर झालो, सध्या बाबासंग पाच एकराचं वावर पाहतो, पराटी अन् मधात तुरीचे तास. गाडी म्हणाल तं घरी एकच, बाबाची २०११ ची स्प्लेंडर.

झालं असं का माह्या मावसभाऊ नागपूरले राह्यते, त्याच्यापाशी २०१८ ची ३९० ड्यूक आहे अन् दिवाळीनंतर तो ती विकून राह्यला. कापूस गेला का मी घेतो असं घरी अर्धवट बोलणं झालं आहे (अर्धवट म्हणजे आईले माहीत आहे, बाबाले नाई). मागच्या महिन्यात तो लग्नाले आला तवा मले एक चक्कर माराले दिली. मले सवय स्प्लेंडरची, तिची रेस पूर्ण पिळल्याशिवाय ती जागची हालत नाई, तं मी हिचीबी तशीच पिळली, पहिल्या गिअरमधी. पुढचं चाक कवा उठलं समजलंच नाई. हँडल एकदम हलकं झालं, भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसं, अन् समोर रस्ता दिसाच्या जागी कडुनिंबाचा शेंडा दिसला. घाबरून रेस सोडली तं चाक धाडकन खाली, शॉकप पूर्ण बसले अन् मी टाकीवर. डोक्यात हेल्मेट नाई. भाऊ मागून टाळ्या वाजवते, म्हणे व्हीली मारली ना बे! मी कायची मारतो, तिनंच मले मारली.

पण खरं सांगतो, तवापासून डोक्यातून ते जाऊन नाई राह्यलं. ते आपल्या मर्जीनं करता आलं पाह्यजे असं वाटते. म्हणून वावरात स्प्लेंडरवर दोन-तीन संध्याकाळ करून पाह्यलं, रेस वाढवून क्लच सोडला तं एक तं चार बोटं उठते नाई तं गाडी बंद पडते. चौथ्या दिवशी बाबा दुधाचा कॅन घेऊन गेले अन् आल्यावर म्हणे रेस वाढते पण गाडी वढत काऊन नाई. मी गप.

तं प्रश्न असा का आधी लहान गाडीवर शिकाव का ३९० आल्यावर तिच्यावरच? लहान म्हणजे कोणती? अन् जागा कुठं पाहाव, आमच्या इकडं तं काळी मातीच माती.

---

तिरपट_बुवा · १८ मे, रात्री १०.०५

आधी हे सांग, दवाखान्याचा खर्च पराटीतून करतं का तुरीतून?

---

पाना_नंबर_१४ · १८ मे, रात्री ११.२०

बुवाले हसू दे. माह्यं गॅरेज आहे, वीस वर्षं होऊन गेले, व्हीली शिकून राह्यलेल्या पोट्ट्यायच्या गाड्या मीच नीट करतो म्हणून मले यातलं पोट्ट्यायपेक्षा जास्त समजते असं समज.

पह्यली गोष्ट, बाबाची स्प्लेंडर सोड. तुह्या क्लच प्लेटा गेल्या, उद्याच बदलून घेजो अन् बाबाले खरं सांगजो, कारण प्लेटा काढल्या का कोणताही मिस्त्री सांगन का ह्या दुधाच्या कॅननं नाई जळल्या. ते गाडी घरची लक्ष्मी आहे, दूध तिच्यावर, बाजार तिच्यावर, रात्री कोणाचं दुखलं-खुपलं तं तिच्यावर. शिवाय तिचं इंजिन ९७.२ सीसी, ताकद ८ पीएसच्या (म्हणजे हॉर्सपॉवरच समज) आसपास, ते बनवलंच आहे अॅव्हरेजसाठी. तिले उठवाची म्हणजे तुले हातानं हँडल वढून उठवा लागते, अन् ते सवय लय खराब.

लहान गाडी म्हणजे माह्या हिशेबानं जुनी १५०-१६० ची. मागं डिस्क असलेली भेटली तं सोन्याहून पिवळं, आपाची १६० मधी तशी भेटून जाते. ड्रम असन तं लायनर नवे टाक. आरएक्स १०० चं नाव घेऊ नको, ती १९९६ मधी बंद झाली अन् आता ती गाडी नाई राह्यली, दागिना झाला.

घेतली का माह्यासारख्या कोणापाशी आणून एवढं करून घे. पाय ब्रेकचा खेळ कमी कर, पायाचा अंगठा ठेवला का लगेच धरला पाह्यजे, अर्धा इंच दाबून मंग धरते असं नको. पेडलची उंचीबी तुह्या बुटाच्या मापानं लाव, पाय फुटरेसवर टेकलेला अन् अंगठा पेडलवर, पाय उचला लागू नये. मागची चेनची चकरी चार-पाच दात मोठी बसव, गाडी खालच्या रेसमधी वढते, क्लच कमी जळते. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेव, चाक वर असलं का ऑइल मागं जाते अन् पंपाले कमी भेटते, लहान इंजिनचं हेड असंच वाजाले लागते. कोनसेट (हँडलचे बेरिंग) अन् शॉकपचे सील, हे तं खाणारच, दर पंधरा दिवसाले हँडल हालवून पाह्यत जा, कटकट वाजली का समज.

अन् एक. मागं जो तो पाइपाचा पिंजरा लावतेत ना, गाडी उभी झाली का जमिनीवर घासाले, तो गावच्या वेल्डिंगवाल्याकडून पातळ पाइपाचा करू नको. मी एका पोट्ट्याले करून देला होता, माह्याच हातानं. दुसऱ्याच दिवशी पाइप मुडपला तं मुडपला, सीटखालची चासीसच तडकली. त्याचे पैसे मी घेतले नाई, पण तोंडबी दाखवलं नाई बरेच दिवस.

---

अमरावतीकर_२०० · १९ मे, सकाळी ७.१५

काकांचं अर्धं पटलं, अर्धं नाही.

स्प्लेंडर नको हे शंभर टक्के. पण १५० वर शिकून ३९० वर जाणं हेही तितकंच धोक्याचं आहे आणि हे कोणी बोलत नाही. कारण सांगतो. १५० ला ताकद कमी, ती उठवायला तुम्ही काय करता, अंग मागे टाकता, हँडल ओढता आणि क्लच फटकन सोडता. सहा महिने हेच केलं की ते अंगात मुरतं. मग ३९० वर बसता, ४३ पीएसची गाडी, तिला हे काहीच नको असतं, ती नुसत्या रेसवर पहिल्यात उठते (तुला तर अनुभव आलाच आहे), आणि तुमचा हात मात्र सवयीनं ओढतो, क्लच सवयीनं फटकन सुटतो. ज्या हालचालीनं लहान गाडीचं चाक जेमतेम चार बोटं उठत होतं तीच हालचाल इथे सरळ पाठीवर घेऊन जाते.

मी स्वतः ड्यूक २०० वर शिकलो. २५ पीएस, म्हणजे ना स्प्लेंडरसारखी मेलेली ना ३९० सारखी पिसाळलेली, पहिल्या गिअरला थोडा क्लच मागते आणि उठते. आणि २०० व ३९० ची बसायची पद्धत, हँडलची रुंदी, पेडलची जागा जवळजवळ सारखी, त्यामुळे शिकलेलं पुढे जसंच्या तसं कामाला येतं. आपाचीवरून ३९० वर गेलास की पाय पेडल शोधत बसतो.

अजून एक, २०१८ च्या ३९० ला दोन्ही चाकांना एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा. व्हीलीत पुढचं चाक हवेत मंदावतं, मागचं फिरत असतं, सेन्सरचा हिशेब बिघडतो, आणि ज्या ब्रेकवर तुझा जीव आहे तोच मधेच सुटल्यासारखा वाटू शकतो. त्या गाडीत सुपरमोटो मोड आहे, त्यात मागचा एबीएस बंद होतो. सरावाला तोच मोड, आणि गाडी बंद करून चालू केली की मोड पुन्हा तपासायचा. रस्त्यावर निघताना परत चालू करायचा, हे विसरायचं नाही.

---

पांदणवाला · १९ मे, दुपारी १.३०

आता तं आणखीनच गोंधळ झाला. काका म्हणते १५०, दादा म्हणते २००. २०० घ्याचे पैसे असते तं ३९० साठी कापसाची वाट कायले पाह्यली असती. क्लच प्लेटा टाकल्या, बाबाले सांगितलं. बाबा काई बोलले नाई, नुसतं गाडीची चाबी आता खिशात घेऊन झोपते.

---

धूळ_वर्ध्याची · १९ मे, रात्री ९.५०

पांदणवाल्या, दोघंही बरोबर सांगून राह्यले, पण दोघंही चाक उठवाचंच बोलून राह्यले. उठवणं शिकाच नाई लागत लेका, तुह्या भावाच्या गाडीनं तुले न विचारता उठवून दाखवलं. शिकाचं आहे ते खाली आणणं. अन् ते खाली आणणं शिकाले लहान गाडी पाह्यजे, मंग ते १५० असो का १६०, कारण तिथं ते चुकून चुकून करता येते. ३९० चुका मोजाले थांबत नाई.

मी २०१४ मधी शिकलो, हिंगणघाटच्या इकडं, एका जुन्या आपाचीवर. जागा होती बंद जिनिंगचं आवार. तुह्या जागेच्या प्रश्नाचं उत्तरबी हेच आहे, काळ्या मातीत करू नको, उन्हाळ्यात भेगा पडतेत, त्यात मागचं चाक बसलं का गाडी आडवी, अन् पावसात तं चिखल मडगार्डमधी भरून चाकच फिरत नाई. मुरमावर ब्रेक दाबला का मागचं चाक घसरते. जिनिंग मे पासून दसऱ्यालोक बंद राह्यते, सिमेंटचं सपाट आवार, फाटक लावलेलं, आत ना ढोर ना लेकरू. मालक ओळखीचा असन, तुह्या बाबाचा कापूस तिथंच जात असन, तं बाबाले संग घेऊनच जा विचाराले. आधी झाडून घ्याचं मात्र, सरकीचे दाणे पायाखाली बेरिंगच्या गोळ्यासारखे सरकतेत.

मले शिकवणारा जो होता, त्याले आम्ही उस्ताद म्हणत होतो, त्यानं पह्यले तीन रविवार मले चाक गुडघ्याच्या वर नेऊच देलं नाई. चुन्यानं आडवी रेघ मारली. मागून पहिल्या गिअरमधी १५-२० च्या स्पीडनं याचं, क्लच दोन बोटांनी अर्धा दाबाचा, रेस थोडी वाढवाची, क्लच सोडाचा, फटकन नाई, बटण सोडल्यासारखा बी नाई, माचिसची काडी ओढतो ना आपण, तेवढ्या झटक्यानं. चाक वीतभर उठते. अन् रेघ आली का पाय ब्रेक. चाक कितीही वर असो, वीतभर असो का दोन बोटं, रेघ म्हणजे ब्रेक. असे पन्नास. दम घे, पाणी पी, अजून पन्नास. मले भल्ला राग येत होता, म्हटलं मी व्हीली शिकाले आलो का ब्रेक शिकाले. तिसऱ्या रविवारी दुपारी त्यानं मले नुसतं उभं केलं अन् मागून जोरानं टाळी वाजवली, तं माह्या उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, गाडी नसतानाबी. तवा तो म्हणे आता वर जा.

हे काऊन, तं ऐक. गाडी अन् तू मिळून जो भार आहे तो मागच्या चाकाच्या आसाच्या बरोबर वर आला का तो बॅलन्स पॉइंट. तिथं रेस जवळपास लागतच नाई, गाडी तरंगल्यासारखी वाटते. त्याच्या खालीपर्यंत रेस सोडली का चाक खाली येते. पण जरा का मागं गेलं का रेस सोडून काई उपयोग नाई, गाडी पाठीवरच येते. तिथून परत आणणारी एकच गोष्ट, पाय ब्रेक. मागचं चाक अडकलं का गाडीचं धड पुढं झुकते, बैलानं एकदम पाय रोवले का बंडीवरचा माणूस पुढं येते तसं. म्हणून दाबाचा बी हलका, पूर्ण दाबला तं चाक धाडकन येते.

खाली उतरवताना हँडल सरळ. चाक तिरपं टेकलं का हँडल दोन्हीकडं असं फडफडते का हातात राह्यत नाई. टेकाच्या आधी जराशी रेस दे, मंग ते टेकते, आदळत नाई. अन् हवेत असताना पुढचा ब्रेक चुकूनही धरू नको. चाक हवेत थांबते अन् थांबलेलंच जमिनीवर येते, मंग काय होईन हे सांगाची गरज नाई. म्हणून उजव्या हाताची चारही बोटं मुठीवर, पुढच्या ब्रेकवर एकही नाई.

आता माह्यं. दीड वर्षानं मित्राची ३९० भेटली. मले वाटलं आता काय, आपण तं उस्ताद झालो. अमरावतीवाला म्हणते तेच झालं, हातानं जुन्या सवयीनं वढलं, पण मी पडलो त्याच्यानं नाई. गाडी इतक्या जोरानं पुढं गेली का मी सीटवर मागं सरकलो अन् माह्या उजवा पाय पेडलवरून निघाला. बस. पाय शोधून राह्यला अन् गाडी वर जाऊन राह्यली. गाडी उभी झाली, मी खाली बसलो, सरळ ढुंगणावर, सिमेंटवर. मांकडहाड गेलं. दोन महिने स्कूटरची ट्यूब फुगवून तिच्यावर बसून जेवत होतो, पाहुणे आले तरी.

म्हणून लहानवर शीक, अन् मोठी आली का पह्यले दोन दिवस चाक उठवूच नको. नुसती पहिल्यात जोरानं पळव अन् पाह्य तुह्या पाय पेडलवर टिकते का. मांडीनं टाकी धर. मंग क्लच न लावता, नुसत्या रेसवर, वीतभर. चुन्याची रेघ तीच. ३९० चा आणखी एक फरक असा का वर गेल्यावर ती लहान गाडीपेक्षा शांत वाटते, हलत नाई जास्त, लहान गाडी सारखी डुलत राह्यते. त्याच्यानं माणूस फसते, वाटते जमलं.

अन् लहान गाडी म्हणजे कमीपणा असं समजू नको. १९९१ मधी जपानच्या यासुयुकी कुदोनं एका चाकावर न थांबता ३३१ किलोमीटर गाडी चालवली, ते होती होंडाची टीएलएम २२० आर, डोंगरा-दगडायवर चढाची हलकी ट्रायल बाइक. म्हणजे वर्ध्यावरून निघून एका चाकावर अकोला पार करून पुढंलोक.

---

गिअर_पाचवा · २० मे, सकाळी ८.००

समृद्धीवर जा ना भाऊ, मक्खन सिमेंट, वर्ध्यावरून तं जवळ, रिकामाच राह्यते.

---

पाना_नंबर_१४ · २० मे, सकाळी ८.२०

समृद्धीवर टू-व्हीलर चालतच नाई राज्या, टोलवरूनच परत फिरवतेत. अन् तिथं गाड्या १२० नं येतेत. असले सल्ले देत नको जाऊ.

---

नाईट_ड्युटी · २० मे, दुपारी ४.४५

मी नर्स आहे, एका ग्रामीण रुग्णालयात अपघात विभागात काम करते. तुम्हाला करू नका म्हणणार नाही, माझा भाऊ पण ऐकत नाही, त्यामुळे मला माहीत आहे. फक्त चार गोष्टी सांगते, त्या कोणी लिहिल्या नाहीत.

एकटं जायचं नाही. आणि सोबत आलेल्यानं व्हिडिओ काढत बसायचं नाही, त्याच्या मोबाइलवर १०८ लागतो की नाही हे आधी पाहायचं. जिनिंगच्या टिनाखाली रेंज जाते बऱ्याचदा. राळेगाववरून मोठ्या दवाखान्यात यवतमाळला नाही तर सेवाग्रामला न्यायचं म्हटलं तर एक तास धरून चाला, त्या तासाचा विचार करून काय घालायचं ते घाला.

हेल्मेट पूर्ण तोंडाचं, आयएसआय मार्कचं. २०२१ च्या जूनपासून विना-आयएसआय हेल्मेट विकायलाच बंदी आहे तरी आठवडी बाजारात ढीग लावून विकतात, त्यातलं घेऊ नका. पट्टा लावायचा. व्हीलीत माणूस मागे पडतो, डोक्याची मागची बाजू आधी लागते आणि पट्टा नसेल तर हेल्मेट त्याच्या आधीच निघून जातं. पाठीचं गार्ड, कोपर, गुडघे, घोट्यावर येणारे बूट. चपलेवर तर मी मुलांना गाडी चालू पण करू देत नाही.

कोणी पडलं आणि मान दुखते म्हणाला किंवा हातापायाला मुंग्या येतात म्हणाला तर त्याला उठवून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, हेल्मेट ओढून काढायचं नाही. श्वास नीट चालू असेल तर तसंच ठेवा, डोकं दोन्ही बाजूंनी धरून ठेवा. आपल्याकडे चार जण चार हातपाय धरून बोलेरोत टाकतात, अर्धं नुकसान तिथे होतं.

आणि मनगट. हात टेकून पडल्यावर अंगठा ताणला की अंगठ्याच्या बुडाशी एक खोलगट जागा दिसते, तिथे दाबून दुखत असेल तर मुरगळलं म्हणून तेल चोळत बसू नका. तिथलं छोटं हाड मोडलेलं असतं आणि पहिल्या एक्सरेत बरेचदा दिसतच नाही, दहा-पंधरा दिवसांनी परत काढावा लागतो. ते हाड जुळलं नाही तर पुढे आयुष्यभर मनगट दुखतं, आणि तुम्ही फिटर आहात म्हणताय.

---

पांदणवाला · २० मे, रात्री ९.१०

ताई, हे अंगठ्याचं मी आताच दाबून पाह्यलं, दुखत नाई, पण भेव वाटलं.

---

कोर्टाची_पायरी · २१ मे, सकाळी १०.३०

वकिलाकडे कारकून आहे, थोडक्यात लिहितो. रस्त्यावर केलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक चालवणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेस सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० दंड किंवा दोन्ही, तीन वर्षांत परत सापडला तर दोन वर्षांपर्यंत किंवा १०,००० किंवा दोन्ही. पांदण रस्ता गावाबाहेर आहे म्हणून तो खासगी होत नाही, लोकांना जायचा हक्क आहे ती जागा सार्वजनिकच. आणि गावातली बारकी पोरं बघायला येतील, त्यातल्या एखाद्यानं हट्ट केला तर चुकूनही गाडी हातात देऊ नको. कलम १९९ अ, अठराच्या आतल्यानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक आत, तीन वर्षांपर्यंत आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. यातला मालक तू असशील.

---

तिरपट_बुवा · २१ मे, सकाळी १०.४५

पराटी पुरत नाई, दोन एकर हळद लाव.

---

पांदणवाला · २ नोव्हेंबर, रात्री ८.३०

मंडळी, लय दिवसानं आलो. ज्यायनं ज्यायनं लिहिलं त्यायच्यासाठी सांगून देतो काय झालं ते.

जूनमधी जुनी आपाची १६० घेतली, मागं डिस्कवाली, टाकीले पोचा आहे पण इंजिन बरं. पैसे अर्धे माह्ये, दोन महिने वेल्डिंगच्या दुकानात रोजानं गेलो, अन् अर्धे आईनं देले. जिनिंगवाल्याकडं बाबाले घेऊनच गेलो. मले वाटलं बाबा तिथं उलटंच बोलन, तं बाबा त्याले म्हणे, पोरगं माह्या गाडीचा क्लच जाळते, त्याच्यापेक्षा तुह्यं सिमेंट जाळू दे. मालक हसला. अट एकच, रविवारी सकाळी ६ ते ९, चौकीदार हजर असन तवाच, अन् पडलो तं त्याच्या नावानं बोंबलाचं नाई.

चौकीदार बुढा आहे, त्याले चुन्याच्या रेघेचं समजावून सांगितलं तं त्यानं ते काम अंगावरच घेतलं. खुर्ची टाकून बसते अन् मोजते. पाय उशिरा पडला का ओरडते "गेली!" अन् तो मोजणीत धरत नाई. एका रविवारी माह्ये साठ झाले होते, त्याच्या हिशेबानं एकोणतीस. पावसाच्या दिवसात आवार ओलं राह्यलं का तो फाटकच उघडत नव्हता, म्हणून ऑगस्टमधी दोनच रविवार भेटले. धूळ दादा, टाळीवाला प्रयोग मी त्याच्याकडून करून घेतला, पाचव्या रविवारी. पाय दाबला गेला. तो म्हणे मांडी काऊन उडते तुह्यी.

एकदा पडलो. वर नेताना नाई, उतरवताना, हँडल जरासं तिरपं होतं, गाडी उजवीकडं पडली अन् मी तिच्यासंग. कोपर गार्ड फाटलं, कोपर नाई. ताई, अंगठ्याखाली लगेच दाबून पाह्यलं.

सप्टेंबरमधी मावसभाऊ ३९० घेऊन आला. पह्यला दिवस चाक उठवलंच नाई, नुसती पळवली, अन् खरंच उजवा पाय दोनदा सरकला. बुटाचा तळवा गुळगुळीत झाला होता, तो बदलला. दुसऱ्या दिवशी सुपरमोटो मोडमधी, क्लच न लावता, नुसत्या रेसवर, गुडघ्याच्या खालीपर्यंत, चौदा वेळा. चौदाही वेळा रेघेवर खाली. भाऊ म्हणे एकदा वर तं ने ना बे, व्हिडिओ काढतो. बुढा तिकडून म्हणे रेघ आली का पाय, वर-गिर काई नाई. नाई नेली.

अमरावतीवाले दादा, तुम्ही म्हणत होते तेबी खरं निघालं, आपाचीची हात वढाची सवय ३९० वर दोनदा आलीच. मंग मी दोन बोटं रेसवर अन् बाकी मूठ ढिली असं धरून केलं, तवा कमी झाली. पण पाय आधी पक्का होता म्हणून सवय आली तवा मी तिथं होतो, एवढंच म्हणीन.

आता जिनिंग सुरू झाली. कालच बाबासंग कापूस घेऊन गेलो तं माह्या रेघेवर गंजी लागली आहे, पांढरीफेक, घराएवढी. मार्च-एप्रिललोक काई होत नाई. ३९० चं पक्कं नाई, भाव पाहून ठरवू, भाऊबी थांबतो म्हणते.

काका, तुमाले एक विचाराचं होतं. आपाचीचे मागचे ब्रेक पॅड साफ संपले, पाच महिन्यात, लोखंड घासाले लागलं तवा समजलं. क्लच प्लेटा मात्र मिस्त्रीनं खोलून पाह्यल्या तं म्हणे अजून चालन. हे असं होते का, का पॅडच नकली लागले?

---

पाना_नंबर_१४ · २ नोव्हेंबर, रात्री ९.०५

पॅड असलीच असन. बाकीच्यायच्या गाड्या माह्याकडं येतेत त्यायच्या प्लेटा जळलेल्या अन् पॅड नवेकोरे राह्यतेत. डिस्क पाह्य, त्याच्यावर रेघा पडल्या असन तं घासून आण, मंग नवे टाक.